गिरणगावातील इटालियन जेवण

हिंगोलीहून मुंबईला जायचे म्हटले की आमच्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक पोटासाठीची वणवण आणि दुसरी ६ डिसेंबरची चैत्यभूमी. केवळ जेवायला म्हणून कुणी मुंबईस गेल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते. पण तसा प्रसंग आमच्यावर आला. आमची थोरली लेक मुंबईत नोकरीला लागली. पहिला पगार हाती पडताच तिने फोन केला, "बाबा, आजीला घेऊन या. लोअर परळला नवीन इटालियन हॉटेल निघालंय. माझ्या पहिल्या पगाराचं जेवण तिथंच."

२०२४ पासून जनशताब्दी गाडी हिंगोलीपर्यंत येऊ लागली आहे. त्यामुळे पूर्वीसारखी धावपळ राहिलेली नाही. आम्ही, आमच्या घरच्या आणि आमची आई असे तिघे निघालो. आईने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. परभणी, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) मागे टाकत संध्याकाळच्या आधी आम्ही दादरला उतरलो.

दुसऱ्या दिवशी लोअर परळला गेलो. एके काळचे हे गिरणगाव. आता गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती, दुकाने आणि हॉटेले उभी आहेत. मधूनच एखादी जुनी चिमणी दिसते. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईस आले आणि याच भागातील एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्या संपानंतर वडील गावी परतले ते कायमचेच. आज ते हयात नाहीत.

आपल्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल की, गिरण्यांतील विणकाम खाते हे जास्त मजुरीचे. पण एके काळी तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून काढावे लागे आणि आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. बाबासाहेब स्वतः याच परळमध्ये बी.आय.टी. चाळीत कित्येक वर्षे राहिले होते. जिथे तोंड लागले म्हणून काम नाकारले जाई, त्याच भागात आज आम्ही जेवायला निघालो होतो.

हॉटेल जुन्या गिरणीच्या आवारातच होते. दारात पोहोचलो आणि आई थांबली. म्हणाली, "तुम्ही खाऊन या. म्या इथंच बसते."

आम्हांला कारण ठाऊक होते. १९७० च्या सुमारास लग्न होऊन ती नवीनच नांदायला आली होती. वडील तिला घेऊन तालुक्याच्या बाजारी गेले. दोघांनी एका हॉटेलात चहा मागितला. चहा बाहेर मिळाला. भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. तो कपही स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवावा लागला. त्या वेळी राज्यघटना लागू होऊन वीस वर्षे झाली होती. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदाही होता. पण कायदा त्या कोनाड्यापर्यंत पोचला नव्हता. तेव्हापासून आईने हॉटेलची पायरी चढली नाही.

आम्ही काही बोलण्याआधीच लेकीने तिचा हात धरला. "आजी, पैसे मी देणार आहे. तू नाही आलीस तर मी पण नाही जेवणार." आई आत आली. खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसली.

वेटर आला आणि पाणी कोणते हवे म्हणून विचारू लागला. बाटलीचे, बुडबुड्यांचे की साधे? लेक म्हणाली, साधे. त्याने आईचा काचेचा ग्लास प्रथम भरला. शेजारच्या टेबलावर होता तसाच तो ग्लास. आईने त्याला विचारले, "गाव कोन्तं रे लेकरा?" तो बिहारचा निघाला. तिने पाणी प्यायले आणि मग कुठे खुर्चीला पाठ टेकली.

पदार्थांची नावे वाचताना आमची बी.कॉम.ची पदवी काही कामाला आली नाही. लेकीने सांगितले ते मागवले. पास्ता समोर येताच आई हसली, "हे तर आपल्या शेवयाच की गं! नुसतं टमाट्याचं कालवण टाकलंय." तिचे फारसे चुकले नव्हते. पास्ता ज्या कठीण दाण्याच्या गव्हाचा करतात, तो आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, तिथून तो युरोपात गेला आणि आपल्याकडेही आला. पिझ्झा तर नेपल्स शहरातील गोरगरिबांचे रस्त्यावरचे खाणे. आज त्याच नेपल्सच्या पिझ्झा करण्याच्या कलेचा २०१७ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आहे. गरिबांनी आपले खाणे लपवले नाही, म्हणून जगाने ते डोक्यावर घेतले. आपण मात्र चान्या, रक्ती यांची नावेदेखील चारचौघांत घेत नाही. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले आहे. ते प्रत्येक घरात वाचले जावे असे आम्हांला वाटते.

आमच्या घरच्यांनी काटा-चमचा बाजूला ठेवून पिझ्झा हाताने खाल्ला. कुणी पाहिले नाही आणि पाहिले तरी बिघडत नव्हते.

बिल आले तेव्हा मात्र आमच्यातला कारकून जागा झाला. चार माणसांचे साडेतीन हजारांच्या वर. त्यात सेवा शुल्क वेगळे लावलेले. वाचकांनी लक्षात ठेवावे, हे शुल्क ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आम्ही शांतपणे सांगितले, त्यांनी ते कमी करून दिले. पोराला बक्षीस मात्र आम्ही हातात दिले.

एवढ्या पैशात महिन्याचा किराणा आला असता, ही गोष्ट खरी. असे जेवण वरचेवर करावे असे आम्ही मुळीच सुचवणार नाही. आधी मुलांची फी, मग पुस्तके. पण घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशाचा हक्क विहिरी-तलावांच्या जोडीने लिहिलेला आहे. तो लिहिणाऱ्यांना कान तुटलेला कप ठाऊक होता. लिहिलेला हक्क एकदा तरी बसून वापरावा लागतो.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. परभणी मागे पडल्यावर म्हणाली, "ते असते तर त्यांना बी त्या गिलासात पाणी भेटलं असतं."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. भाकरीचे फडके तिने नीट घडी करून पिशवीत ठेवले.