आर्डाचा चषक

आयर्लंडला गेलेल्या बायका आधी लोकरीच्या दुकानांत शिरतात म्हणे! शिराव्यात, पण डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी तासभर जरूर राखून ठेवावा. तिथे तिकीट पडत नाही आणि ‘आर्डाचा चषक’ पाहायला मिळतो.

ख्रिस्ती लोकांच्या मिस्सेत द्राक्षारस अर्पण करतात ना, त्यासाठीचा हा चांदीचा प्याला, इसवी सनाच्या आठव्या शतकातला. उंची जेमतेम 18 सेंटिमीटर, आपल्या तांब्याएवढीच म्हणा ना! दोन बाजूंना दोन कान आहेत. एकट्या धर्मगुरूंसाठी नव्हे, तर जमलेल्या भाविकांना द्राक्षारस देण्यासाठी तो घडवला असावा. वाडगा तसा साधाच, पण त्याभोवतीचा पट्टा पाहावा! सोन्याची केसासारखी बारीक तार वळवून केलेली नक्षी, मधूनमधून लाल-निळ्या काचेचे खडे. सारे सुटे भाग मोजले तर साडेतीनशेच्या वर भरतात. पट्ट्याखाली येशूच्या प्रेषितांची नावं नाजूक हातानं कोरली आहेत.

एवढी मोलाची वस्तू सापडली कुठे, तर बटाट्याच्या शेतात! 1868 साली लिमरिक परगण्यातल्या आर्डा गावाजवळ, एका जुन्या मातीच्या गढीत दोन पोरं बटाटे खणत होती. कुदळीला चषक लागला. सोबत ब्राँझचा एक साधा प्याला आणि चार मोठ्या पिनाही निघाल्या. कुणीतरी अडीअडचणीच्या काळात पुरून ठेवलं आणि परत न्यायला कुणी आलंच नाही, असं दिसतं. त्यातल्या एका मुलाची आई, क्विनबाई, विधवा होती आणि जमीन खंडाने करीत होती. तिने हे घबाड बिशपांना दिलं. बदल्यात तिला 50 पौंड मिळाले, असं सांगतात. पुढे चषक रॉयल आयरिश अकादमीकडे गेला आणि तिथून संग्रहालयात आला.

पण खरी गंमत चषकाच्या तळाला आहे. पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतो, कारण विणकराचा हात उलट्या बाजूला कळतो. हा चषकही तसाच. बैठकीच्या खालच्या बाजूला मधोमध स्फटिक बसवला असून त्याभोवती पुन्हा सोन्याचं तारकाम आहे. चषक टेबलावर ठेवला की ते कुणालाच दिसायचं नाही. धर्मगुरूंनी तो उंच उचलला, तरच क्षणभर दिसणार. तेवढ्यासाठी कारागिरानं डोळे शिणवले!

चषकावर नावं आहेत ती प्रेषितांची. घडवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.