जादा लाइनमन

लाइनमन म्हटलं की आमच्या डोंगरावर दोनच माणसं डोळ्यांपुढं येतात. एक महावितरणचा, वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की खांबावर चढणारा. दुसरा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रेषेच्या कडेनं झेंडा घेऊन पळणारा, ज्याला अख्खी गॅलरी शिव्या घालते. त्यामुळं भाच्यानं अमेरिकेतनं फोन करून सांगितलं, "मामा, आज आपण जादा लाइनमन लावून धुतलं त्यांना," तेव्हा मी विचारलं, "झेंडेवाला विकत घेतला काय रं?"

तो हसला नाही. त्याच्या दृष्टीनं मी त्याच्या देवाची चेष्टा केली होती. आणि खरं सांगायचं तर चेष्टा करायचीच होती.

भाचा मोटारींच्या कारखान्यांच्या मुलखात, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहतो. तिकडं गेला आणि चार वर्षांत डेट्रॉइट लायन्सचा झाला. हा संघ २००८ साली १६ पैकी १६ सामने हरला होता. १९९२ च्या जानेवारीत बाद फेरीतला एक सामना जिंकला, त्यानंतर पुढचा जिंकायला २०२४ चा जानेवारी उजाडला. बत्तीस वर्षं! एवढं हरूनही लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच संघाला धरून बसलेत, हे ऐकून मला पहिल्यांदा जरा आपुलकी वाटली. पेठ सोडून जाता येत नाही, हे आम्हा कोल्हापूरकरांना कळतं. पण खेळ? फुटबॉल म्हणायचं आणि बॉल हातात घेऊन पळायचं. चार सेकंद खेळायचं आणि अर्धा मिनिट उभं राहायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला उशा. मी त्याला 'गाद्यांचा फुटबॉल' म्हणायचो.

माझं बोलणं कुठनं येत होतं ते सांगतो. मी वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरचा. नारळ, गुलाल, खोबरं, दवणा यांचं दुकान. पण तरुणपणी सतरा-अठरा किलोमीटर खाली उतरून कोल्हापुरात पेठेतल्या एका संघाकडनं खेळायचो. बाहेरच्यांना सांगावं लागतं की कोल्हापुरात फुटबॉल तालमीतनं वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही सगळी तालमींची नावं, आणि हेच फुटबॉलचे संघ. मातीत घुमणारी पोरं बॉलमागं लागली, तरी खुन्नस तीच राहिली. मी सेंटर फॉरवर्ड. गोल मारणारा म्हणजे खेळाडू, बाकीचे त्याला बॉल पोचवणारे हमाल, असं माझं स्वच्छ मत होतं. २०१७ साली आपला अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं उतरला, तेव्हाही तो फॉरवर्ड आहे हे मी गिऱ्हाइकांना नारळ देता देता मुद्दाम सांगायचो.

आमच्या संघात एक बॅक होता. रुंद, बुटका, मान नसलेला. एका सामन्यात फ्री किकला तो मागनं पुढं आला आणि त्यांच्या दोन बॅकच्या मधे जाऊन घुसला. ते दोघं त्याच्याशी रेटारेटी करत राहिले, मी मोकळा सुटलो आणि डोक्यानं गोल केला. त्या रात्री खांद्यावरनं मिरवणूक निघाली ती माझी. रश्श्याच्या पंगतीत तो म्हणाला, "अर्धा गोल माझा हाय." मी म्हणालो, "तू नुसतं धक्के मारतोस. फुटबॉल आम्ही खेळतो." सगळे हसले. तोही हसला. हा गोल मी पुढं तीस वर्षं सांगत आलो आणि दर वेळी त्यातनं तो बॅक वगळत आलो.

तर भाच्याचा जादा लाइनमन. प्रकार असा असतो: अकरा जणांच्या चढाईच्या संघात पुढच्या ओळीत साधारण पाच धिप्पाड गडी असतात. त्यांनी बॉल झेलायचा नाही, घेऊन पळायचं नाही. समोरच्याला थोपवायचं किंवा ढकलायचं, बस्स. कधी कधी डेट्रॉइटवाले झेलणारा एखादा चपळ गडी बाहेर बसवतात आणि त्याच्या जागी असा सहावा धिप्पाड आत आणतात. बऱ्याचदा तो डॅन स्किपर असायचा, ७० नंबरचा, जवळजवळ पावणेसात फूट उंच, वजन दीडशे किलोच्या घरात. आता गंमत बघा. लाइनमनचा नंबर असलेला गडी पाचांच्या बाहेरच्या जागेवर उभा राहणार असेल तर त्यानं आधी रेफरीकडं जाऊन तसं सांगायचं, आणि रेफरी ते माइकवरनं सगळ्या मैदानाला सांगणार. म्हणजे आपण आता काय करणार हे शत्रूला कळवूनच करायचं. मी भाच्याला म्हटलं, "ही कसली चाल? चपळ माणूस काढून भिंत आत आणायची, आणि वर दवंडी पिटायची. चढाई जमत नाही म्हणून भिंत लागते तुम्हाला."

२०२३ च्या ३१ डिसेंबरला, रविवारी, दुकानात गर्दी असताना त्याचा फोन आला. रविवार जोतिबाचा वार. मी एका हातानं गुलालाच्या पुड्या बांधत होतो. तो जवळजवळ रडत होता. टेक्सासात डॅलसविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात यांनी जिंकण्याचे दोन गुण मिळवले होते. झेलणारा होता ६८ नंबरचा टेलर डेकर, तोही लाइनमनच. पण रेफरीनं माइकवरनं ७० नंबर सांगितला होता. डेट्रॉइटवाले म्हणत होते, सांगायला डेकरच गेला होता. पण डेकरचा झेल धरला नाही, गुण रद्द झाले, पुढचे प्रयत्न फसले, सामना २०-१९ असा गेला. भाचा म्हणाला, "मामा, नाव सांगूनही चुकीच्या माणसाच्या खात्यावर पडलं." मी म्हणालो, "झेलायला जावंच कशाला भिंतीनं?" आणि फोन ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देताना चुकलो, एवढं आठवतंय.

माझं मत पालटलं ते अमेरिकेमुळं नाही. २०२४ ची चैत्र पौर्णिमा २३ एप्रिलला आली होती. यात्रेचा दिवस, दुपारचं ऊन, गुलालानं गुलाबी झालेली हवा, सासनकाठ्या येत होत्या. पहिल्या मानाची निनाम पाडळीची, मग बाकीच्या ओळीनं. पन्नास वर्षं मी हे बघतोय आणि पन्नास वर्षं माझी नजर वरच असते, काठीच्या शेंड्याकडं. सगळ्यांचीच असते. एवढा उंच कळक, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, आणि तो आभाळात डुलतो तेव्हा तोंडातनं आपोआप 'चांगभलं' निघतं.

त्या दिवशी कुणीतरी ओंजळभर गुलाल उधळला तो थेट माझ्या डोळ्यांत. मान खाली घातली, उपरण्यानं डोळे पुसत राहिलो. आणि खालनं, अर्धवट उघड्या डोळ्यांनी, फक्त पाय दिसले. साताऱ्याकडच्या कुठल्याशा गावाची काठी समोर नाचत होती. काठी पेलणाऱ्याचे पाय हलके, ताशाच्या ठेक्यावर पडणारे. आणि भोवती दोऱ्या धरणाऱ्यांचे पाय. ते नाचत नव्हते. टाचा रुतवून, गुडघे वाकवून, अनवाणी तापलेल्या फरशीवर. डोंगरावरचा वारा एकदम फिरला, काठी कलली, आणि एका बाजूचे दोघं मागं झुकले ते जवळजवळ बसलेच. त्याच वेळी कडेला पाणी पीत उभा असलेला एक म्हातारा, कुणी न बोलावता, तांब्या टाकून तिसरा म्हणून त्या दोरीला लागला. काठी सरळ झाली. वर बघणाऱ्यांनी चांगभलं केलं. पेलणाऱ्याचा एक ठेकासुद्धा चुकला नव्हता. म्हातारा परत येऊन तांब्या शोधू लागला.

मला तेव्हा डेट्रॉइट आठवलं नाही, खोटं कशाला सांगू. मला रश्श्याची पंगत आठवली.

त्या हिवाळ्यात मी स्वतःहून भाच्याला म्हटलं, दाखव तुझा सामना. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. दिवसभर भाविकांची गर्दी, आणि रात्री साडेअकराला त्यांचा दुपारचा सामना सुरू. घरात सगळे झोपलेले. जॅक्सनव्हिलला यांनी ५२-६ असं लोळवलं. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी, डेट्रॉइटच्या याच घरच्या मैदानावर, फोर्ड फील्डवर, टेनेसीलाही ५२ च घातले होते. मी या वेळी बॉलकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. अवघड असतं ते, करून बघा. नजर पुन्हा पुन्हा पळणाऱ्याकडं जाते. पण धरून ठेवली, तर पळणारा यायच्या आधी वाट कशी तयार होते ते दिसतं. सहावा गडी ओळीच्या टोकाला उभा राहिला की समोरच्यांना आपला एक माणूस तिकडं सरकवावा लागतो, मग मागं मोकळी जागा पडते, आणि कधी कधी बॉल नेमका त्या मोकळ्या जागेत, लांब फेकला जातो. भिंत घातली म्हणजे भिंतीतनंच जाणार, असं समोरचा धरून चालतो. तिथं तो फसतो. दवंडी पिटूनही फसतो! मी ज्याला दुबळेपणा म्हणत होतो ती त्यांची चढाईच होती.

दुसरी गोष्ट मला घरच्या मैदानाची कळली. कोल्हापुरात सगळे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळं 'होम ग्राउंड' हा शब्द मला नेहमी फुकाचा वाटायचा. आपली पेठ गॅलरीत किती ओरडते एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्याकडं गप्प गॅलरी म्हणजे हरलेली गॅलरी. पण भाचा एकदा मैदानातनं व्हिडिओ कॉलवर होता, आणि यांच्या हातात बॉल आला तसं ते ६५ हजारांचं, छप्पर असलेलं मैदान चक्क गप्प होत गेलं. मी ओरडलो, "अरे बोंबला की!" तर तो कुजबुजला, "मामा, आपली चढाई असताना गप्प बसायचं असतं." कारण साधं आहे. बॉल कधी मागं द्यायचा तो शब्द ओळीच्या मागं उभा असलेला, बॉल फेकणारा क्वार्टरबॅक तोंडानं देतो. ओळीतल्यांना तो ऐकू आला तर ते समोरच्याच्या आधी क्षणभर सुटतात. दीडशे किलोच्या माणसाला तो क्षणच सगळं. पाहुण्यांची पाळी आली की मग घर फुटेस्तोवर ओरडायचं, म्हणजे त्यांना हातवारे करून, मागं वळून बघून खेळ सुरू करावा लागतो. म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा निम्मा ओरडण्यात आणि निम्मा ओठ मिटण्यात. कोल्हापूरला हे कधी जमेल असं मला वाटत नाही. मलाही जमत नाही.

माझ्या मतपरिवर्तनानं त्यांना यश मात्र दिलं नाही. १५ डिसेंबरच्या सामन्यात, आमच्याकडं सोमवारची पहाट, बफेलोविरुद्ध घरच्याच मैदानावर स्किपरनं चक्क बॉल झेलून टचडाउन केला. भिंतीनं गोल केला म्हणा ना! मी अंथरुणात उठून बसलो, बायकोनं विचारलं काय झालं, काय सांगणार? आणि सामना ४८-४२ असा हरले. मग जानेवारीत, १५ जिंकून २ हरलेला हा संघ बाद फेरीत घरच्याच मैदानावर वॉशिंग्टनकडनं ४५-३१ असा गेला. आमच्याकडं रविवार सकाळ होती. दुकान उघडायला उशीर झाला. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. एकतीस गुण करूनही हरतात ते दुसऱ्या बाजूच्या गड्यांमुळं, हे आता मला कळत होतं. तीस वर्षांपूर्वी मी म्हणालो असतो, बॅक झोपले.

दुसऱ्याच दिवशी मी डोंगर उतरलो. बॅक आता पेठेतच राहतो, गुडघे गेलेत, दारात खुर्ची टाकून बसतो. मला बघून म्हणाला, "देव स्वतःच खाली आला काय?" चहा झाला. मी विषय काढायला बराच वेळ घेतला. शेवटी फ्री किकच्या त्या गोलाचं बोललो, म्हणालो, अर्धा तुझा होता, आणि त्या दिवशी पंगतीत जे बोललो ते बोलायला नको होतं.

त्यानं कप खाली ठेवला. जरा वेळ रस्त्याकडं बघितलं.

"अर्धा कसला," तो म्हणाला. "तू ऑफसाइड हुतास की लेका. चांगला दोन हात पुढं. लाइनमनला दिसू नये म्हणून तर मी मधी जाऊन हुबा ऱ्हायलो."