दोन चाव्या

दरवर्षी मे महिना सरत आला की आम्ही दोघे बर्मिंगहॅमचे घर बंद करतो. गाडीत तांदळाचे पीठ, मसाल्याचे डबे, दोन मुसल्ले आणि औषधांची पिशवी ठेवतो आणि बिस्मिल्लाह म्हणून फ्रान्सचा रस्ता धरतो. समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे निघायचे आणि मग दिवसभर दक्षिणेकडे जात राहायचे. शेवटी शेवटी रस्ता अरुंद होतो, समोरून गाडी येत नाही, कुरणांत तांबूस लिमुझँ गाई दिसू लागतात. हा क्रूझ जिल्हा. इथल्या एका लहानशा वाडीत आमचे दगडी घर आहे. एकाच छपराखाली दोन खोल्या, वर माळा आणि बाजूला रिकामा गोठा.

"एवढ्या लांब घर कशाला घेतलेत?" असे रत्नागिरीकडचे नातेवाईक विचारतात. २००९ साली ते फार स्वस्तात मिळाले, हे एक कारण. दुसरे कारण असे की पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्हाला आपले कोकण आठवले. निम्म्या घरांना कुलपे, अंगणात गवत, आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे.

पुढे कळले की ही आठवण उगाच नव्हती. एकोणिसाव्या शतकात क्रूझचे पुरुष दर वसंतात गवंडीकामासाठी पॅरिसला जात आणि हिवाळ्याच्या तोंडावर परत येत. शेती, गुरे, म्हातारे सारे बायकांवर सोडून. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच. १८१५ साली जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी बापाबरोबर चालत पॅरिसला गेला, गवंडी झाला, पुढे संसदेत निवडून आला आणि १८५१ च्या सत्तापालटानंतर त्याला इंग्लंडात आसरा घ्यावा लागला. पुढे पुढे गेलेले लोक परत येईनासे झाले. १८५१ मध्ये या जिल्ह्यात २ लाख ८७ हजारांच्या आसपास माणसे होती. आज त्याच्या निम्मीही नाहीत. जहाजावर, आफ्रिकेत, आखातात आणि विलायतेत माणसे पाठवलेल्या आपल्या गावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आमचे पासपोर्ट ब्रिटिश. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून आम्हाला इथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. आम्ही वर्षातून एकदाच येतो, म्हणून नऊ महिने घर बंद. बंद घर पुन्हा वस्तीला आणणे हे आठवडाभराचे काम असते. आधी लाकडी झडपा उघडायच्या. मग रस्त्याकडेच्या खड्ड्यात वाकून पाण्याचा कॉक सोडायचा. थंडीत नळ फुटू नयेत म्हणून जाताना आम्ही सगळे पाणी काढून टाकतो. कोळ्यांची जाळी झाडायची, चूल पेटवून भिंतींची ओल काढायची, अंगणातली कमरेएवढी खाजरी झुडपे कापायची. हलाल गोश्त आणायला लिमोजपर्यंत जावे लागते. पूर्वी आम्ही ते गोठवून बरोबर आणत असू, आता ब्रिटनमधून मांस आणि दूधदुभते आणायला बंदी आहे. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, इशाची नमाज मध्यरात्रीच्या सुमारास होते. पहिले काही दिवस झोपेचा हिशेबच लागत नाही.

पण एवढ्या वर्षांत आम्हाला हे काम कधी जड वाटले नाही, कारण समोरच्या मादाम. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमची एक चावी त्यांच्याकडे असते. कोरड्या दिवशी त्या झडपा उघडून घराला वारा देत, वादळानंतर छप्पर बघत, गाद्या उभ्या करून ठेवत. इथे लुआर नावाचा झुपकेदार शेपटीचा, उंदराच्या जातीचा प्राणी माळ्यावर शिरतो आणि गादीत घर करतो, म्हणून. आम्ही सांदण केले की एक थाळी समोर जाते. ती कधी रिकामी परत आली नाही. कधी अक्रोड, कधी अंडी, जूनमध्ये बियांसकट चेरी घालून भाजलेला क्लाफुती. आमच्यासाठी बटाट्याची पाती करताना त्या डुकराची चरबी टाळून लोणी वापरतात. हे आम्ही त्यांना एकदाच, पहिल्या वर्षी सांगितले होते.

यंदा दार उघडले आणि ओलीचा भपकारा आला. झडपा कित्येक महिने उघडलेल्या नव्हत्या. गादी आडवीच, आणि तिच्या पोटात लुआरचे घरटे. भिंतीवर काळी बुरशी. सामान खाली ठेवता ठेवता आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले, "यंदा मादामनी बघितलेलं दिसत नाही." दुसऱ्याने मान हलवली. आज ते आठवले की शरम वाटते. घराकडे बघून आमच्या मनात पहिली आली ती तक्रार.

संध्याकाळी थाळी घेऊन आम्ही समोर गेलो. दार उघडायला वेळ लागला. मादाम काठीवर आल्या. जानेवारीत बर्फावरून घसरून त्या पडल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने दवाखान्यात गेले. आम्ही काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "माफ करा हं, तुमच्या झडपा उघडता आल्या नाहीत."

आम्हाला काही सुचेना. नऊ महिन्यांत आम्ही त्यांना नवीन वर्षाचे एक कार्ड पाठवले होते. फोन एकही नाही. "कळवलं का नाहीत?" असे विचारले तर म्हणाल्या, "तुम्हाला घराची काळजी लागली असती."

शेजाऱ्याबद्दल जिब्रील (अ.) इतक्या वेळा ताकीद देत राहिले की शेजाऱ्याला वारसाच मिळतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुलांनाही शिकवली. ती पाळत मात्र मादाम होत्या.

सप्टेंबरात त्या लेकीकडे राहायला जाणार आहेत. कपाटातून आमची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आम्ही ती घेतली आणि त्यांची चावी मागितली. "आमचे नव्वदच दिवस असतात," आम्ही म्हणालो, "पण आम्ही आलो की तुमच्याही झडपा उघडू. आणि हिवाळ्यात दर जुम्म्याला फोन करू, घराबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारायला." त्या हसल्या. चावी लगेच दिली नाही. दोन दिवसांनी क्लाफुतीच्या थाळीत ठेवून पाठवली.

त्या रात्री आम्हाला दुसरी चावी आठवली. खेडजवळच्या आमच्या वडिलार्जित घराची, जी वीस वर्षे भाबींकडे आहे. दरवर्षी आगोटीआधी कौले परतून घेणे, वीजबिल, आंब्याची राखण, सारे त्या बघतात. आम्ही पैसे पाठवतो आणि त्यात सगळे आले असे समजतो.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "भाबी, गुडघे कसे आहेत?" आम्ही विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबरा आवाज आला, "का? घराला काय झालं का? कोणी काय सांगितलं?"

घराला काही झाले नाही, तुमचीच चौकशी करतोय, हे पटवायला बराच वेळ लागला. त्यानंतर त्या चाळीस मिनिटे बोलल्या. गुडघ्यांच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. "मी गेले मुंबईला तर घर कोण बघणार?" म्हणून त्यांनी ते पुढे ढकलले होते. आमचे घर!

पावसाळ्यानंतर ऑपरेशन करायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह. तेव्हा आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.

आपल्यापैकी कितीतरी घरांच्या चाव्या अशा कुणाकडे तरी असतील. घर कसे आहे हे आपण विचारतोच. चावी धरणारा हात कसा आहे, हेही आज एकदा विचारून बघावे.