आजीबाई आणि मनो

१८८३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी एक तरुण मराठी विधवा येऊन पोहोचली. बरोबर दोन वर्षांची मुलगी होती. आई पंडिता रमाबाई, मुलगी मनोरमा. घरचं नाव मनो. वडील बिपिनबिहारी मेधावी बंगाली होते. आदल्या वर्षी, मनोला वर्षही पुरं झालेलं नसताना, ते कॉलऱ्याने गेले. वाँटेज म्हणजे आल्फ्रेड राजाचं जन्मगाव. १८४८ पासून तिथे अँग्लिकन धर्मभगिनींचा मठ होता. त्या मठाच्या दारात ही मायलेक उभी राहिली, तेव्हा आत राहणाऱ्या बहुतेक बायकांना मराठी येत नव्हतं आणि मुलीला इंग्रजी येत नव्हतं.

आश्रय फुकटचा नव्हता. रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावं आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी, असा ठराव होता. याच मठाच्या भगिनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करत. प्रवासाच्या खर्चासाठी रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून विकलं होतं. वैद्यकी शिकायची त्यांची इच्छा होती, पण त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्यापायी ती वाट बंद झाली. म्हणजे परकी भाषा कानाने उचलणं आईला जड होतं. पोरीचे कान मात्र कोवळे आणि तल्लख.

दोन वर्षांच्या मुलाला धर्म कळतो म्हणजे काय कळतं? आपल्याकडे घरात संध्याकाळी दिवा लागला की तान्हं मूल कडेवरूनच हात जोडतं. ‘शुभं करोति’मधला एक शब्दही त्याला कळत नसतो. त्याला कळतं ते इतकंच, की आता सगळे गप्प झाले, आजीने डोळे मिटले, वातीकडे बघायचं. अर्थ फार मागाहून येतो, तोवर देव घरात येऊन बसलेला असतो. वाँटेजच्या मठातही दिवसाला अशीच लय होती. ठरल्या वेळी घंटा, ठरल्या वेळी प्रार्थना, गुडघ्यांवर टेकलेल्या बायका, एका सुरातलं गाणं. भाषा न येणाऱ्या पाहुण्या पोरीला या घरातला येशू आधी कशातून भेटला असेल, तर तो या हालचालींतून. शिकवणीची पाळी नंतरची.

आणि माणसांतून. रमाबाईंची जबाबदारी ज्यांच्याकडे सोपवली होती त्या सिस्टर जेराल्डिन या मायलेकींच्या लेखी ‘आजीबाई’ झाल्या. रमाबाईंच्या इंग्रजी पत्रांच्या मायन्यातसुद्धा हीच मराठी हाक येते. एका अविवाहित इंग्रज संन्यासिनीला मराठी घरातलं नातं मिळालं आणि तिने ते मनापासून स्वीकारलं. या सबंध कहाणीत हा शब्द सगळ्यांत मोलाचा वाटतो. पाहुण्या मुलाला यजमान आपली भाषा शिकवतो, यात नवल नाही. गरजेपोटी मूल ती शिकतंच. पण यजमानाने मुलाच्या भाषेतलं एक नाव आपल्या अंगावर घ्यायचं, त्या हाकेला ओ द्यायची, हे वेगळं आहे. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशीही ते फार जवळचं आहे. देव माणसाच्या घरात माणूस होऊन आला, असंच ती श्रद्धा सांगते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. विचार त्यांचा होता, वाद त्यांनी घातले होते. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्या पंडिताचं लिखाण त्यांनी पारखून घेतलं होतं. मनो अडीच वर्षांची होती. तिने काही पारखलं नव्हतं, तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. तसं कुठल्याच धर्मात त्या वयाच्या मुलाला विचारत नाहीत. तरी आईचा हात धरून पाण्याजवळ जाणं आणि यजमानाने परस्पर नेणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मनोच्या बाबतीत आई बरोबर होती, आणि पुढची काही वर्षं या आईने तो हात सोडला नाही.

सोडला नाही म्हणजे काय, ते पत्रांत दिसतं. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकत आणि संस्कृत शिकवत. मनो बराचसा काळ वाँटेजच्या भगिनींपाशी राहिली. दोन गावांमधून पत्रं जाऊ-येऊ लागली आणि त्यांतून खटके उडू लागले. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. त्यांच्या खाण्यापिण्यावरून भगिनींना अहंकाराचा वास आला, तेव्हा रमाबाईंनी ठणकावून उत्तर दिलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, अक्षरं घालायचीच तर संस्कृत घाला. लॅटिन तुम्हाला पवित्र आणि माझी भाषा नाही, असं का? त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर तर त्या थेट विद्वानांशीच भिडत होत्या. आणि मनोला धर्माचं काय, किती आणि कोणी शिकवायचं, हा या पत्रव्यवहारातला एक दुखरा मुद्दा होता. जे स्वतःला अजून पटलेलं नाही ते आपल्या पाठीमागे लेकीच्या तोंडी बसवलं जाऊ नये, अशी आईची धडपड होती.

सिस्टर जेराल्डिनची बाजूही समजण्यासारखी आहे. ज्या गोष्टीवर आपला जीव जडला आहे, जिच्यासाठी घरदार सोडलं, ती समोरच्या लाघवी पोरीला भरभरून द्यावीशी वाटणारच. हातात ताजी भाकरी असताना भुकेल्या मुलाला ‘आधी आईला विचारून ये’ असं कुणाच्याने म्हणवेल? पण मूल पाहुणं असतं तेव्हा ते यजमानाच्या ताटात जेवत असतं, त्याच्या गादीवर झोपत असतं. त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि भाषाच येत नसेल तर प्रश्नही विचारता येत नाही. अशा मुलाच्या होकाराचं वजन करायचं कसं? रमाबाईंनी हा प्रश्न कृतज्ञता न सोडता, पण मान न झुकवता विचारला. त्या काळी एका आश्रित विधवेने गोऱ्या यजमानांना तो विचारावा, याला मोठी छाती लागते.

वाँटेजजवळच्याच विल्टशायरमधला एक माणूस तीनशे वर्षं आधी उलट्या दिशेने निघाला होता. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. येशूची गोष्ट सांगायची तर ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीचा छंद हवा, हे त्याला कळलं होतं. रमाबाई क्रुसावर संस्कृत अक्षरं मागत होत्या, तेव्हा त्यांचं मागणं याहून फार निराळं नव्हतं.

हिंदुस्थानात परतल्यावर, १८८९ च्या ११ मार्चला, रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला हललं. आता बाजू पालटली होती. यजमानीण त्या होत्या आणि त्यांच्या छपराखाली दुसऱ्यांच्या लेकी, बालविधवा. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, कुणाच्या आचारात ढवळाढवळ करायची नाही, हे ठरलेलं होतं. सोवळं पाळणाऱ्या मुलींना सोवळं पाळता येत होतं. रमाबाई मनोला घेऊन स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार मात्र त्या लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, ‘केसरी’ने कोरडे ओढले, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

उघड्या दाराचं काय करायचं? रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. मी कुणाला बोलवत नाही, पण आपल्या घरात मी देवाचं नाव दार लावून का घ्यावं? ते पटतं. पालकांची भीतीही पटते. ज्या मुलीला बाहेरच्या जगात कुणी सावलीलाही उभं करत नव्हतं, तिला ज्या घरात पहिल्यांदा माया मिळाली त्या घरच्या बाईंचं दार नुसतं उघडं असलं, तरी ते बोलावणंच ठरतं. खुद्द रमाबाई वाँटेजच्या मठात अशाच एका उघड्या दाराशी उभ्या राहिल्या होत्या. मात्र त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि वाद घालू शकत होत्या. सदनातल्या बाराचौदा वर्षांच्या मुलींजवळ ती ढाल नव्हती. या वादात दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती, म्हणूनच इतकी वर्षं लोटली तरी तो हातावेगळा करता येत नाही. खोलीच्या आत आईशेजारी मनो बसलेली असायची, एवढी एक गोष्ट मात्र या वादाच्या हकिकतींत निसटून जाते.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकड्यांनी आल्या. पुण्याजवळ केडगावला माळरानावर मुक्तिसदन उभं राहिलं. माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता आडपडदा नव्हता, मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होतं. आलेल्या मुलींतल्या कितीएकींना मराठी येत नव्हतं. कुणी हिंदी बोलणारी, कुणी गुजराती. रमाबाईंना मराठी, संस्कृत, कानडी, हिंदी, बंगाली इतक्या भाषा येत होत्या. लहानपणी आईबापांबरोबर हिंदुस्थानभर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत त्या हिंडल्या होत्या. आईबाप गेले तेही दुष्काळातच. भुकेलं, परभाषेतलं, पोरकं मूल म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. तिथला पहिला धडा अन्नाचा, अंघोळीचा, औषधाचा. देवाचं नाव पेजेच्या वाटीपाठोपाठ आलं. अशा वेळी उपकार कुठे संपतो आणि उपदेश कुठे सुरू होतो, याची रेघ आखणं अवघड. ती पुसट आहे म्हणून पेजेची वाटीच खोटी होती, असं मात्र म्हणवत नाही.

त्या मुलींना वाचायला द्यायचं काय, हा पुढचा प्रश्न होता. मराठी बायबल होतं, पण त्यातली भाषा संस्कृतने जड झालेली. खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाई. शिवाय कित्येक शब्दांना वेदान्ताचा जुना अर्थ चिकटलेला होता. क्रुसावर संस्कृत अक्षरं मागणाऱ्या रमाबाईंनी इथे मात्र संस्कृत बाजूला सारलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी उतारवयात अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतलं. जुळारी मुक्तिसदनातल्या बायका, छापखानाही तिथलाच. इंग्लंडमध्ये प्रश्न मानाचा होता, तेव्हा संस्कृत हवं होतं. केडगावात प्रश्न शेतमजुराच्या मुलीला कळण्याचा होता, तेव्हा ते नको झालं. हा विरोधाभास नाही. ऐकणारं माणूस बदललं की शब्द बदलायचे, इतकी साधी आणि इतकी कठीण गोष्ट ती आहे.

मनो इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतली आणि आईच्या कामाला लागली. वाँटेजला आलेली ती पाहुणी पोर आता स्वतः पोरक्या मुलींची ताई झाली होती. आंधळ्या मुलींना ती ब्रेल शिकवत असे. त्यांना ना वाती दिसत, ना चित्रं. मुलीचा हात हातात घ्यायचा, बोट ठिपक्यांवर ठेवायचं, अक्षराचा आवाज तोंडाने काढायचा आणि बोट पुढे सरकवायचं. पुढे तिने गुलबर्ग्यालाही शाळा काढली.

१९२१ च्या जुलैत मनो गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आई त्यानंतर नऊ महिनेही जगली नाही. रमाबाईंचं बायबल १९२४ मध्ये छापून पुरं झालं, तेव्हा दोघीही नव्हत्या. तिकडे इंग्लंडात सिस्टर जेराल्डिनने सगळी पत्रं जपून ठेवली होती, एकेक लावून त्यांचं संकलन केलं होतं. त्यांत रमाबाईंनी त्यांच्याशी भांडून लिहिलेली पत्रंही होती, मनोला काय शिकवायचं त्यावरची बोलणीही होती. त्यांनी ती गाळली नाहीत. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध केली. मजकूर इंग्रजी आहे. मायन्यात रोमन अक्षरांत ‘आजीबाई’ लिहिलेलं आहे.