चालत्या घराची ऊब

जळगावहून एरंडोल, पारोळा मागे टाकून धुळ्यामार्गे मांगीतुंगीला जाणारे कुटुंब जुन्या बसचे चालते घर करते, तेव्हा पहिला हिशेब विजेचा मांडावा लागतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पौषात धुळे गारठते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम १.२ युनिट वीज मावते. २००० वॅटचा हीटर ती अर्ध्या-पाऊण तासात संपवतो. म्हणून विजेवर दिवे-पंखेच ठेवावेत. स्वयंपाक व वडीलधाऱ्यांचे उकळलेले पाणी बस थांबवून, खिडक्या उघडून, सूर्यास्तापूर्वी गॅसवर उरकावे. रात्री ऊब रजयांचीच असावी. बंद बसमध्ये पेटती शेगडी प्राण घेते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.