आमची तैयुआनची सून

माझा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सून चीनची, शान्शी प्रांतातल्या तैयुआन शहराची. ती शिकायला अमेरिकेत आली आणि तिथेच नोकरीला लागली. मिरजेत अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "कसं जमतं हो तुमचं?" जमतं. पण आपोआप जमलेलं नाही. ज्यांच्या घरी असं लग्न ठरत असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून घडलं ते क्रमाने सांगते. मी बँकेतून निवृत्त झाले, त्यामुळे कागदपत्रांबद्दल जरा जास्त बोलेन.

लग्न २०२१ साली झालं. कोविडमुळे आम्ही जाऊ शकलो नाही, तिचे आईवडीलही नाहीत. न्यू जर्सीत अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं, मग लग्नाचं लायसन्स मिळतं. लग्न गावचे महापौरही लावू शकतात. आम्हाला ते घरबसल्या बघायचं होतं. पण भारताने जून २०२० मध्ये वीचॅट बंद केलेलं, आणि चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही. शेवटी मुलाने दोन फोन शेजारी शेजारी लावले. एकात आम्ही, एकात ते. मिरजेत संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, तैयुआनला रात्रीचे नऊ. मी देवघरासमोर बसून अक्षता टाकल्या. व्याही-विहीणबाई दुसऱ्या फोनवर नुसते हात हलवत होते. पोटात कालवलं, पण कुणाला बोलले नाही.

पुढे मुलाचं ग्रीन कार्डाचं काम सुरू झालं. अमेरिकेत कुठल्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या कोट्यातली साधारण ७ टक्केच कार्डं मिळतात. म्हणून भारतीयांची रांग फार लांब आहे. चीनचीही आहे, पण मुलाच्या वर्गात भारताएवढी नाही. नवराबायको वेगवेगळ्या देशांत जन्मलेले असतील तर जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहता येतं. मुलाने तसं केलं. ही सोय कायद्यातच आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. वकिलाला जरूर विचारा. पण नात्यातल्या एकांनी "कार्डासाठीच केलं का लग्न?" असं विचारलंच. हे सुनेच्या कानावर जाऊ नये म्हणून मी बरीच धडपड केली. तिला माहीत होतं. तिला तिच्याकडच्यांनीही हेच विचारलं होतं म्हणे.

पहिल्या वर्षात नवराबायकोचे खटके उडाले ते देवधर्मावरून नाही. एक कारण स्वयंपाकाचं होतं. तिच्या माहेरी वडील रोज स्वयंपाक करतात. लग्न झालेला पुरुष पिठाला हात लावत नाही, हे तिला नवीन होतं. माझ्या मुलाला धड चहा करता येत नव्हता. तिने आरडाओरडा केला नाही. आठवड्याचे वार वाटून कागद फ्रिजवर लावला. फोनवर मुलगा सांगायचा, "आज माझा वार आहे, कुकरला किती शिट्ट्या?" मला आधी ते टोचलं. मग त्याची खिचडी बरी व्हायला लागली आणि टोचणं कमी झालं.

दुसरं कारण पैशाचं. ती आईवडिलांना दरमहा पैसे पाठवते. मुलगा आम्हाला पाठवायचा ते सणावाराला, आठवण झाली की. कुणी कुणाला किती पाठवलं यावरून कुरबूर व्हायची. त्यांनी काढलेला मार्ग मला आवडला. दोघांचं एक सामाईक खातं काढलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातून दोन्ही घरी सारखीच रक्कम जाते. आम्हाला पेन्शन आहे, गरज नाही, असं मी म्हटलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही बँकेत ठेवा, पण घ्या. नाहीतर माझ्या घरी पाठवताना मला अवघडल्यासारखं होतं." तेव्हापासून मी घेते.

आडनाव तिने बदललं नाही. चीनमध्ये बायका लग्नानंतर बदलतच नाहीत. आमच्या घरात त्यावरून काही अडलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाळंतपण होतं. माझा व्हिसाचा अर्ज मुलाने २०२२ मध्येच भरून ठेवला होता, म्हणून वेळेवर काम झालं. त्या काळात मुंबईत पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्यांना मुलाखतीसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. विहीणबाईंकडे दहा वर्षांचा जुना व्हिसा होता, सुनेच्या पदवीदान समारंभाच्या वेळचा. पण दहा वर्षांचा व्हिसा असलेल्या चिनी पासपोर्टवाल्यांना प्रवासाआधी इंटरनेटवर वेगळी नोंदणी करावी लागते. ती दोन वर्षं चालते. नसेल तर विमानात बसू देत नाहीत. आम्हा दोघींचा प्रवासी विमा मुलाने काढला. जुनी दुखणी बहुतेक अशा विम्यात धरत नाहीत, तेव्हा बीपीच्या गोळ्या पुरेशा घेऊन जा.

विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवर कामापुरतं बोलणं व्हायचं. छोटी वाक्यं बोलली की ते बरं चालतं. राग आला असेल तेव्हा मात्र ते अजिबात वापरू नये.

मी डिंकाचे लाडू, अळीव, खसखस, बाळंतशेपा घेऊन गेले होते. विहीणबाईंच्या बॅगेत सुकवलेली लाल खजुरासारखी बोरं, काळे तीळ, त्यांच्याकडचा गूळ आणि एक पिवळं बारीक धान्य. मी मुठीत घेऊन बघितलं तर आपले राळे! माझी आजी राळ्याचा भात करायची. शान्शीत बाळंतिणीला महिनाभर राळ्याची पेज गूळ घालून देतात. त्या पेजेवरून आमचं बोलणं सुरू झालं.

हॉस्पिटलात बाळंतिणीला बर्फाचं पाणी आणून दिलं. तिकडे तशीच पद्धत आहे. आम्ही दोघी एकदम उठलो. नर्सने आमच्याकडे बघितलं आणि न बोलता गरम पाणी आणलं. तेवढ्यापुरती आमची युती झाली. घरी आल्यावर ती मोडली.

कारण अंघोळ. आपल्याकडे बाळंतिणीला तेल चोळून रोज कढत पाण्याने न्हाऊ घालतात. त्यांच्याकडे जुन्या रीतीने महिनाभर अंघोळ नाही, केस धुणं तर मुळीच नाही. वारा लागायचा नाही, थंड पाण्यात हात घालायचा नाही. माझी तेलाची वाटी बघून विहीणबाई दारातच उभ्या राहिल्या. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मुलगा कामाचं निमित्त काढून खालच्या खोलीत बसायचा. मला त्याचा राग आला.

शेवटी सुनेनेच आम्हाला दोघींना समोर बसवलं. माझ्याशी इंग्रजीत, आईशी चिनीत बोलली. तिला केस धुवायचे होते. पण आई एवढ्या लांबून आली आहे, तिला दुखवायचं नव्हतं. आणि मी तेल लावावं असंही तिला वाटत होतं, फक्त पाठीला आणि पायांना. मग ठरलं ते असं. आल्याचे तुकडे घालून पाणी उकळायचं, कोमट करून त्याने केस धुवायचे, लगेच ड्रायरने पूर्ण वाळवायचे. चीनमध्ये आताच्या मुली असंच करतात म्हणे. विहीणबाई तयार झाल्या. तेल माझं, आल्याचं पाणी त्यांचं. ही गोष्ट आधी तिलाच विचारली असती तर ते दोन दिवस वाचले असते. अशा घरात दोन्हीकडचं ऐकून घेण्याचा भार नेहमी मधल्या माणसावर येतो, आणि इथे तर ते माणूस ओली बाळंतीण होतं.

दुसरा वाद उशीवरून झाला. मी मोहरीची उशी शिवून नेली होती, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. विहीणबाईंनी राळ्याची उशी आणलेली. मला वाटलं, चला, एकच विचार. मग कळलं की त्यांना डोकं मागून चपटं हवं होतं. उत्तर चीनमध्ये जुनी माणसं त्यालाच देखणं मानतात. बाळाच्या डॉक्टरांनी दोन्ही उशा काढायला लावल्या. बाळाला पाठीवर झोपवायचं, अंथरूण सपाट, उशी नको, दुलई नको. घुटीतला मधही बंद. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो. काजळातही शिसं असू शकतं, म्हणून तेही नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही दोघी गप्प बसलो. हा उपाय मी सगळ्यांना सांगते. आज्यांचं भांडण आईवडिलांनी सोडवायला जाऊ नये, डॉक्टरांपुढे ठेवावं.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक केलं. मी शाकाहारी. दूध यावं म्हणून विहीणबाई डुकराच्या पायाचं सूप करायच्या. त्याचा वास मला सहन होत नव्हता, हे कबूल करते. मुलाने गॅरेजमध्ये इंडक्शनची शेगडी लावून दिली आणि सूप तिकडे गेलं. सकाळी ओटा त्यांचा, दुपारनंतर माझा. माझे डिंकाचे लाडू विहीणबाईंना इतके आवडले की त्याच संपवत होत्या.

नावाचं मात्र आधीच ठरवा. अमेरिकेत जन्मदाखल्याचा फॉर्म हॉस्पिटलातच भरून घेतात, नंतर बदल करणं कटकटीचं होतं. बारशाची वाट बघायला वेळ नसतो. नातीचं पहिलं नाव आम्ही सुचवलं, मधलं नाव चिनी, व्याह्यांनी निवडलेलं, आडनाव आमचं. मधल्या जागी वडिलांचं नाव येत नाही म्हणून ह्यांना थोडं वाईट वाटलं. बाराव्या दिवशी मी घरातच पाळणा म्हटला. महिना झाल्यावर विहीणबाईंनी अंडी उकडून लाल रंगवली आणि शेजाऱ्यांना वाटली.

नातीच्या कागदांचं आम्हाला नवलच वाटलं. ती अमेरिकेत जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक. पण जन्माच्या वेळी सुनेला ग्रीन कार्ड मिळालेलं नव्हतं. म्हणजे ती परदेशात कायमची स्थायिक नाही, आणि अशा चिनी आईचं मूल चीनच्या कायद्याने चिनी ठरतं. चिनी ठरलेल्या मुलाला अमेरिकन पासपोर्टवर चीनचा व्हिसा देत नाहीत. वकिलातीतून वेगळं प्रवासपत्र काढावं लागतं, त्याची मुदत दोन वर्षं. सुनेच्या मैत्रिणीने हे वेळेत सांगितलं म्हणून ते काढून ठेवलेलं होतं. भारतासाठी मुलाने तिचं ओसीआय कार्ड केलं.

ते प्रवासपत्र पुढच्याच वर्षी लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यात व्याह्यांना हृदयाचा त्रास झाला, स्टेंट घालावी लागली. सून नातीला घेऊन तैयुआनला गेली. तिथल्या हॉस्पिटलात रुग्णाचं खाणंपिणं, उठवणं-बसवणं घरच्यांनीच बघायचं असतं, नाहीतर पगारी माणूस ठेवायचा. विहीणबाई एकट्या किती करणार? सून एकुलती एक. तिच्या पिढीत शहरातली बहुतेक मुलं तशीच, सरकारचा नियमच होता. भाऊ नाही, बहीण नाही, वाटून घ्यायला कुणी नाही. ती तिथून मला फोन करायची तेव्हा आधी नातीचं सांगायची, वडिलांचं शेवटी.

२०२५ च्या जानेवारीत ती मिरजेला आली. तेव्हा चिनी पासपोर्टवर भारताचा व्हिसा लवकर मिळत नव्हता, म्हणून तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढलं. परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकाने चोवीस तासांत तेव्हाचा सी फॉर्म भरायचा असे. हॉटेलांनाच नाही, घरांनाही तो लागू होता. ह्यांनी तो ऑनलाइन भरला. वीचॅटसाठी तिने अमेरिकेचं सिम रोमिंगवर चालू ठेवलं, नाहीतर आईवडिलांशी बोलणं बंदच झालं असतं. गल्लीत "नेपाळची का?" असं विचारणारे भेटले. तिने "चीनची" म्हणून सांगितलं आणि भडंगाची पुडी पुढे केली.

आता पुढचा प्रश्न. त्यांना ग्रीन कार्ड २०२४ च्या अखेरीला मिळालं. आईवडिलांना कायमचं अमेरिकेत आणायचं तर ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकत्व घ्यावं लागतं. तो अर्ज साधारण पाच वर्षांनी करता येतो. पण तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की चीनचं आपोआप जातं. माझ्या मुलाचंही भारताचं जाईल, पण त्याला ओसीआय मिळेल, तो हवं तेव्हा मिरजेला येईल. चीनकडे असं कार्ड नाही. आईवडिलांना आपल्याजवळ आणायचं तर तिला माहेरी जायला व्हिसा मागावा लागेल. आणि ते दोघं तैयुआन सोडून यायला तयार होतील की नाही, हेही पक्कं नाही.

मुलगा म्हणतो, आत्तापासून ठरवायला नको. सून रोज रात्री वीचॅटवर वडिलांना गोळी घेतली का विचारते. मी तिला एकदाच सांगितलं की तू ठरवशील ते आम्हाला चालेल. त्यानंतर तो विषय मी काढलेला नाही. विहीणबाई येत्या शरदात पुन्हा एडिसनला येणार आहेत. मीही तेव्हाच जाणार आहे. नोंदणी आणि विमा, दोन्ही मुलाला आत्ताच करायला सांगितलं आहे.