शाळा पाहावी निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण ज्यानं केली त्याला मुलं नसावीत. किंवा असली तरी त्याच्या गावात शाळा एकच असावी. गावात एकच शाळा असली की निवडीचा प्रश्न येत नाही. आमच्या वेळी वडील पोराच्या बखोटीला धरून त्याला मारुतीच्या देवळातल्या वर्गात आणून बसवीत. गुरुजी वय विचारीत. वडील म्हणत, "लिहा की काहीतरी." गुरुजी एक जून ही जन्मतारीख लिहीत. आमच्या पिढीतलं निम्मं बीड एक जूनला जन्मलेलं आहे, ते यामुळं. सगळा प्रवेश तीन मिनिटांत उरकायचा, त्यात दोन मिनिटं पोराच्या रडण्याची.

मी स्वतः तेहतीस वर्षं पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतल्या खेड्यांत मास्तरकी केली आणि आता बीडला घर करून राहिलो आहे. निवृत्त मास्तराला लोक तीन गोष्टी विचारतात: लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन, अर्जाचा मसुदा आणि मुलांची शाळा. सल्ला तिन्हींत कोणी मानत नाही, पण विचारतात मात्र अगत्यानं. गेल्या दसरा-दिवाळीच्या मधल्या वीसेक दिवसांत शाळेसाठी माझ्याकडं तीन गिऱ्हाइकं आली.

पहिले आमचे शेजारी. यांचं फरशीचं दुकान आहे. चिरंजीव पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार, तेव्हा दसऱ्यालाच नाव नोंदवायला हवं, म्हणून मला स्कूटरवर मागे घालून ते शाळा दाखवायला निघाले. मी म्हटलं, "अहो, घराजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे."

"मास्तर, ती काय पळून चाललीय? आपल्याला इंटरनॅशनल पाहायचीय."

बीडला रेल्वे आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. इंटरनॅशनल शाळा तिच्या कितीतरी आधी येऊन पोचल्या होत्या. त्यांना रूळ लागत नाहीत, पाटी लागते. आम्ही तीन शाळा पाहिल्या. पहिलीच्या कमानीवर पृथ्वीचा गोल होता. दुसरीच्या गच्चीवर नऊ देशांचे झेंडे होते. त्यांतला एक उलटा लावलेला असावा असं मला वाटलं, पण कुठल्या देशाचा ते न कळल्यामुळं गप्प बसलो. तिसरीत घोडा होता. घोडा पाहिल्याबरोबर शेजाऱ्यांचं मत झालं. "मास्तर, रायडिंग!" एवढंच ते म्हणाले, पण त्यात छत्रपतींपासून पुढचा सगळा इतिहास होता.

मला मास्तरकीची खोड. मी तिथल्या बाईंना विचारलं, "इंटरनॅशनल म्हणजे नेमकं काय हो?"

बाई गोड हसून म्हणाल्या, "आपला सिलॅबस दिल्लीचा आहे, सर."

यावर काय बोलणार? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही बीडकर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो, त्या हिशेबानं दिल्लीला परदेश म्हणायला हरकत नव्हती. तसं पाहिलं तर आमचे वडील जास्त इंटरनॅशनल. घरात मराठी, शाळेत सगळे विषय उर्दूत. भूगोलाला ते शेवटपर्यंत 'जुग्राफिया' म्हणत. त्यांच्या शाळेतही घोडा होता. पण तो तपासणीला येणाऱ्या साहेबाचा होता.

पुढचा टप्पा मुलाखतीचा. आता २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा स्पष्ट सांगतो, की प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घ्यायची नाही. शाळेनं कायदा मोडला नाही. तिनं पालकांना चहाला बोलावलं. चहा पिता पिता दोन बायका आणि एक साहेब यांनी आमच्या शेजाऱ्यांना व्यवसाय, शिक्षण, घरात बोलायची भाषा आणि सुट्टीत कुठं जाता हे इंग्रजीत विचारलं. शेजाऱ्यांनी चारही प्रश्नांना 'टाइल्स' असं उत्तर दिलं. तेवढ्या वेळात चिरंजीवांना बाजूच्या खोलीत चित्र रंगवायला बसवलं होतं. चित्र सफरचंदाचं. त्यानं ते हिरवंगार रंगवलं, कारण ते सीताफळ आहे असं त्याचं ठाम मत पडलं. बालाघाटच्या डोंगरात वाढलेल्या पोराचं दुसरं काय मत पडणार! मी त्याला दहापैकी दहा दिले असते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आमचा पुतण्या. हा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे आणि कंपनीनं त्याला चीनमध्ये शांघायला पाठवलं आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. आमची ही देवाला दिवा लावते तेव्हा त्याचं जेवणखाण आटपलेलं असतं आणि तो फोन करतो.

"काका, पोरीसाठी शाळा बघतोय. इंटरनॅशनल."

मी दचकलो. म्हटलं, "घोडा आहे का?"

घोड्याची त्याला पर्वा नव्हती. त्याच्या अडचणी वेगळ्या. तिथं परदेशी लोकांच्या मुलांसाठी ज्या शाळा आहेत, त्यांत परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलांनाच घेतात. चिनी नागरिकाच्या मुलाला तिथं प्रवेश नाही. हे ऐकून आमची ही म्हणाली, "अगंबाई, गावातल्या पोरांना गावातल्या शाळेत घेत नाहीत?" फी वर्षाला अडीच-तीन लाख युआन, म्हणजे आपले तीस लाख रुपये आणि वर काही. हे ऐकून मी पाणी मागवलं. मग तो म्हणाला, "कंपनी भरते." मग मी पाणी परत पाठवलं.

पण पोरगा हुशार. प्रत्येक शाळेत जाऊन तो तीनच प्रश्न विचारत होता. वर्षाच्या मध्येच मूल आलं तर घेता का? मध्येच निघालं तर कागद लगेच देता का? आणि उद्या कंपनीनं जर्मनीला पाठवलं, तर तिथं तीच इयत्ता धरतील का, की पोरीचं वर्ष बुडेल?

"बाकी काही नाही काका. नोकरी माझी फिरती आहे, त्याची शिक्षा तिला नको."

मला हे पटलं आणि मी जरा वाचन केलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. तर वाचकहो, इंटरनॅशनल शाळा मुळात निघाली ती स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हात, १९२४ साली. पहिल्या महायुद्धानंतर तिथं राष्ट्रसंघाची आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कचेरी झाली. देशोदेशीचे कारकून आणि साहेब तिथं येऊन राहिले. त्यांच्या पोरांचं काय करायचं, म्हणून शाळा काढली. पुढं १९६८ साली त्याच गावी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट नावाची संस्था निघाली, ती एवढ्यासाठीच, की एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठानं मानावं. म्हणजे सगळ्याचं मूळ इतकं साधं: पोटासाठी आईबाप गाव सोडतात, पोराचा धडा सुटू नये. कमानीवरचा गोल आणि गच्चीवरचे झेंडे मागाहून आले.

तिसरं गिऱ्हाईक आलं ते सकाळी सहाला, आणि फाटकाबाहेरच उभं राहिलं. माझा जुना विद्यार्थी. चौथीत माझ्या हाताखाली होता. गणितात तरबेज, पण दिवाळीनंतर वर्गात कधी दिसला नाही. बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी इंदापूर-बारामतीकडं, कोणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग टनावर फेडायची. बायको घरी राहिली की अर्धा कोयता आणि अर्धी उचल. एक दिवस आजारी पडलं तर खाडा. माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर निम्म्या नावांपुढं रेघ असायची. घंटा तीच, फळा तोच, मी तोच. पोरं तेवढी नाहीत.

ती रेघ असलेला हा मुलगा आता बाप झाला होता.

"गुरुजी, लेकीसाठी आलोय. सहावीत हाय. आम्ही पाडव्यानंतर निघायलोत. हिचं कसं करावं?"

आणि त्यानं मला तीन प्रश्न विचारले. सोबत नेली तर तिकडची शाळा मध्येच घेईल का? चैतात परत आलो तर इथं सातवीत बसवतील का? आणि मागं ठेवली तर दोन टाइम खायला कोण घालील?

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. शांघायहून हेच प्रश्न परवाच आले होते. फक्त तिसऱ्यात फरक होता, कारण तिथं खायला कंपनी घालते.

त्याच्यापुढंही तीन शाळा होत्या, पण स्कूटरवरून हिंडून पाहता येण्यासारख्या नव्हत्या. एक: सोबत न्यायची. फडावर पहाटे चारला आईबाप निघतात. कोपीवर धाकटं भावंडं सांभाळायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे सहावीतली पोरगी. कारखान्यावर साखरशाळा असते कुठं. नसली तर जवळच्या नेहमीच्या शाळेनं घ्यायचं असतं. तसं शिक्षण हमी कार्डही मिळतं. दोन: आजीजवळ ठेवायची. पण आजीला संध्याकाळनंतर दिसत नाही. आणि पोरगी वयात येत चालली, की मागं ठेवायचा घोर नको म्हणून लोक तिला सरळ उजवून टाकतात. त्याच्या बायकोचं असंच झालेलं. ती सातवी पास, सातवीपुढं लग्न. तीन: हंगामी वसतिगृह. गावातल्या शाळेलाच जोडून, हंगामापुरतं, दोन वेळचं जेवण. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजनाही मंजूर झाली आहे.

उचल किती घेतली, असं मी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. लाखाच्या आसपास होता. शेजाऱ्यांच्या चिरंजीवांच्या एका वर्षाच्या फीत आणि या नवराबायकोच्या हंगामाच्या उचलीत, घोड्याचा खरारा वगळला तर, फारसा फरक नव्हता.

पोरगी बापाच्या मागं उभी होती. मी मास्तरी आवाजात विचारलं, "काय गं, मागच्या हंगामात कुठं होतीस?"

"बागलकोटकडं."

"शाळेत गेलीस?"

"दीड महिना. कन्नड शाळा हुती."

"मग काय शिकलीस?"

तिनं हात मागं बांधले आणि एका दमात म्हटलं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." पुढं विसापर्यंत गेली. मग म्हणाली, "पण तितं हजेरीत माझं नावच न्हवतं, गुरुजी. मी आपली समद्यांच्या शेवटाला व्हय म्हणायची."

घरात मराठी, शाळेत कन्नड, ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलवर हिंदी. परराज्यात नोकरी करणारे आईबाप. जिनिव्हाच्या शाळेत पहिल्याच दिवशी घेतली असती हो हिला!

पुढच्या रविवारी पुतण्याचा फोन आला. पोरीला प्रवेश मिळाला होता. त्या भरात तो सांगू लागला, की शाळेतून आणायला, खाऊ घालायला एक बाई ठेवली आहे. तिकडं अशा बाईला 'आयी' म्हणतात; म्हणजे मावशी. ही मावशी आन्हुई प्रांतातली. तिचाही एक मुलगा आहे, आठ वर्षांचा. तो गावी आजीजवळ.

"तो का नाही शांघायला?"

"तिकडं गावची नोंद असते काका, रेशनकार्डासारखी. तिच्यावर शाळा ठरते. बाहेरगावच्या मजुरांच्या मुलांना शहरात प्रवेश मिळणं कठीण. कोट्यवधी मुलं अशी गावी आहेत. त्यांना नावच पडलंय, 'मागं राहिलेली मुलं'."

आमची ही फोनजवळच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या पोरीला शाळेतून आणायला आयी आहे, आणि आयीच्या पोराला आणायला कोणीच नाही."

पुतण्या थोडा वेळ बोलला नाही. शांघायचा फोन तसा महाग नाही आता. पण गप्प बसायला महागच.

आमच्या हिनं दुसऱ्याच दिवशी ठरवलं. बापानं लेकीला गावच्या हंगामी वसतिगृहात ठेवावं. दर रविवारी तिनं आमच्याकडं न्हायला आणि जेवायला यावं. आणि सातवीचा निकाल लागेपर्यंत लग्नाचा शब्द काढणाऱ्याची गाठ आमच्या हिच्याशी आहे. बाप एका शब्दानं हो म्हणाला. त्यानं माझ्या छडीला कधी भीक घातली नव्हती. पण आमच्या हिला आमचं सगळं खातं घाबरायचं. पाडव्यानंतर टायरगाड्या निघाल्या. पोरगी राहिली. आई रविवारी फडावरून फोन करते, आमच्याच फोनवर. ती 'जेवलीस का' विचारते, ही 'हजेरी झाली' म्हणून सांगते. या वर्षी नाव पटावर आहे.

शेजाऱ्यांच्या चिरंजीवांचंही ठरलं. घोड्याच्याच शाळेत. मात्र तिथल्या शिपायानं सांगितलं, की लग्नतिथीच्या दिवशी रायडिंग नसतं. घोडा वरातीला जातो.

एका रविवारी आमच्या अंगणात पोरगी पुस्तक घेऊन बसलेली पाहून शेजाऱ्यांनी विचारलं, "मास्तर, ही कुठल्या शाळेत?"

म्हटलं, "इंटरनॅशनल. आईवडील बाहेर असतात ना!"

"असं? फी किती?"

"काही नाही. जेवणसुद्धा फुकट."

शेजाऱ्यांनी मान हलवली आणि आवाज खाली करून म्हणाले, "मग मास्तर, शाळा काही खास दिसत नाही."